उगवणीच्या बाटल्या आणि साधे पाणी

महोदय,

भाजीपाल्याची रोपे टाकण्याचे दिवस आले की बियाण्याची उगवण वाढवणारे 'नैसर्गिक वनस्पतिजन्य एन्झाइम' म्हणून बाटल्या गावोगाव विकल्या जातात. त्यांची खातरजमा शेतकऱ्यांसमोर व्हावी, यासाठी हे पत्र.

एन्झाइम खोटे नाहीत. मोड आणलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ आणि गोडसर होते, हे घराघरांत ठाऊक आहे. मोड येताना तयार झालेले अमायलेज हे एन्झाइम पिष्टाची साखर करते. मात्र हे काम बी पाणी पिऊ लागताच स्वतःच सुरू करते. बाहेरून दिलेल्या एन्झाइमचा मोठा रेणू बीजावरणातून आत जाणे अवघड असते, आणि पपईच्या चिकातले पपेन प्रथिने तोडते, कारल्याच्या बियांचे काष्ठमय कवच नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात मी कारल्याचे थोडे बी अशा द्रावणात, थोडे कोमट पाण्यात रात्रभर भिजवले आणि उरलेले कोरडेच टोकले. भिजवलेले दोन्ही भाग कोरड्याच्या आधी उगवले. त्या दोहोंत मला फरक दिसला नाही. अर्थात एका वाफ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि म्हणूनच कृषी विज्ञान केंद्रांनी द्रावण, साधे पाणी व कोरडे बी अशा शेजारशेजारच्या चाचण्या घेऊन आकडे जाहीर करावेत. ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून कांद्याची बारा दिवसांनी, मिरचीची चौदा दिवसांनी मोजणी करणे कोणत्याही शेतकरी गटाला जमेल. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण कांद्यात ७० टक्के आणि मिरचीत ६० टक्के ठरलेली असल्याने, मुळात बियाणेच कमी पडते आहे का, हेही त्यातून कळेल.

आणखी एक धोका कोणी सांगत नाही. संकरित बियाण्याला अनेकदा थायरमसारख्या बुरशीनाशकाचा रंगीत थर दिलेला असतो. ते द्रावणात भिजवले की थर धुऊन जातो आणि रोपे मर रोगाला उघडी पडतात.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जैव-उत्तेजके, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये, खत नियंत्रण आदेशाखाली आणली आहेत. या बाटल्या त्या चौकटीत बसतात की नाही, हे कृषी विभागाने पेरणीपूर्वी जाहीर करावे आणि बसत असतील तर घटक, वापराचे प्रमाण व अंतिम तारीख मराठीत छापल्याशिवाय त्या विकू देऊ नयेत.

– एक भाजीपाला उत्पादक, जुन्नर