चार नोडचा गोल

प्रेसवाले दादा,

नाव घातलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून घालत नाही. पण आषाढीआधीच्या त्या रात्रीबद्दल चारचौघांत लिहायचं राहून गेलं होतं.

दिंडीचा टेम्पो पहाटे निघणार, काचेवर रेडियमचं ‘माउली’ हवं. अक्षर फळीवरचं, जुन्या पेंटरच्या हातचं. मी मोबाइलवर फोटो काढला, कोरलड्रॉ या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केला, म्हणजे फोटोवरून आपोआप रेषा काढून घेतल्या, आणि दिला प्लॉटरला, रेडियम कापणाऱ्या यंत्राला. पातं पावलोपावली अडखळायला लागलं. चिमट्याने सोलायला घेतलं तर ‘ली’ची वेलांटी करवतीसारखी दातेरी. दोनदा रेडियम वाया गेल्यावर तुम्हाला फोन केला. तुम्ही जेवणावरून उठून आलात.

माझ्या फाइलकडे तुम्ही बघितलंही नाहीत. “एक गोल काढ. कंट्रोल क्यू. आता एफ टेन दाब आणि मोज.” कंट्रोल क्यूने गोलाची साधी रेष झाली, एफ टेनने तिला आकार देणारे बिंदू दिसले: चार नोड! “एवढा गोल चारांवर उभा राहतो, तुझ्या वेलांटीला दीडशे कशाला?”

मग पुसणं सुरू झालं. वळण जिथे अगदी वर, खाली किंवा बाजूला पोचतं तिथे नोड ठेवायचा, कोपऱ्यावर टोकदार म्हणजे कस्प, वळणावर गुळगुळीत म्हणजे स्मूथ, बाकी काम नोडमधून निघणाऱ्या दांडीच्या, हँडलच्या ओढीवर. वेलांटी नऊ नोडवर आली. मला चेव आला, शेवटाजवळचे दोन उडवले, तर तुम्ही लगेच कंट्रोल झेड करायला लावलंत. “तिथे त्याने ब्रश उचललाय. ते पेंटरचे आहेत, ट्रेसचे नव्हेत.” नोड कमी कसे करायचे हे कुणीही शिकवलं असतं, दादा, कुठले ठेवायचे हे तुम्ही शिकवलंत.

खाली गावाचं नाव फॉन्टमधून टाकलं होतं. रंग काढून नुसत्या कडा दिसतात त्या वायरफ्रेममध्ये तुम्ही दाखवलंत, प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्यात घुसलेली. तसंच कापलं असतं तर सांध्यासांध्याला तुकडे. वेल्ड करून अक्षरं एकात एक जोडल्यावर शिरोरेषा अखंड झाली.

नोड आणि हँडलवर वळणाऱ्या या रेषेला बेझिए रेष म्हणतात, आणि ती 1960च्या दशकात फ्रान्सच्या रेनो कारखान्यात मोटारींचे पत्रे आखायला वापरली जायची, हे मला नंतर कळलं. म्हणजे आपण ती गाडीवरच परत चिकटवतोय!

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहाही अर्धाच प्यायलात. तुमच्या स्कूटरवरचं ‘आई’ एका कडेने उचकटलंय, परवा बाजारात पाहिलं. नवं कापून ठेवलंय, लाल रंगात. दुकानावरून जाताना थांबा.

तुमची,
स्टँडसमोरची रेडियमवाली