बूटलोडरच्याही आधी काय घडतं ते दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. एक तर तुम्ही शिकवलंत ते एम्बेडेड बोर्डांशी झगडणाऱ्या आणखी कुणाच्या कामी येईल. दुसरं, समोरासमोर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता.

तो बोर्ड एसडी कार्डवरून व्यवस्थित सुरू व्हायचा. तोच बूटलोडर (मुख्य सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या फ्लॅश मेमरीवर टाकला की सीरियल कन्सोलवर (बोर्डाचे संदेश जिथे दिसतात तिथे) एक अक्षरही उमटायचं नाही. टीममध्ये सगळ्यांचा संशय बूटलोडरवर. तुम्ही मात्र कोड उघडलाच नाहीत. प्रोसेसर आणि ईएमएमसी यांच्यामधल्या क्लॉक, कमांड आणि डेटा-० या तीन तारांना लॉजिक ॲनालायझर (तारांवरचे ०-१ सिग्नल टिपून दाखवणारं यंत्र) जोडलात आणि म्हणालात, "आपली पहिली ओळ चालायच्या आधी काय होतं, ते बघू."

आधी एसडी कार्डचं सांगितलंत. पॉवर येते तेव्हा प्रोसेसरच्या बूट रॉमकडे (चिपमध्येच कायमचा असलेला पहिला प्रोग्राम) थोडीशी एसरॅम (चिपमधलीच छोटी मेमरी) असते, डीडीआर (मुख्य मेमरी) अजून चालूच झालेली नसते. रॉम ४०० किलोहर्ट्झपर्यंतच्या संथ क्लॉकवर सुरुवात करतो: किमान ७४ नुसते क्लॉक, मग कमांड ०, कमांड ८, आणि मग कार्ड 'तयार' म्हणेपर्यंत एसीएमडी ४१ ही कमांड पुन्हा पुन्हा. या वेळात कार्डातला कंट्रोलर रिकामा बसलेला नसतो. त्याचा स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, स्वतःचं फर्मवेअर असतं. कुठला लॉजिकल सेक्टर (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) फ्लॅशमध्ये नेमका कुठे पडलाय, याचा हिशेब तो लावत असतो. म्हणजे आपल्या बोर्डाआधी कार्डच बूट होतं! तुम्ही हे सहज बोलून गेलात, मी त्यावर बराच वेळ विचार करत राहिलो. पुढे रॉम ठरलेल्या जागेवरून बूटलोडर वाचतो (ऑलविनरच्या चिपांमध्ये ८ केबीवर, रॉकचिपच्या अनेक चिपांमध्ये ६४व्या सेक्टरवर). ती जागा ठरवतो रॉम. कार्डाच्या लेखी तो इतरांसारखाच एक सेक्टर.

ईएमएमसीचं बूट मोड प्रकरण मला तुमच्याकडूनच कळलं. तिथे रॉम काही विचारतच नाही. पॉवर आल्यावर तो कमांडची तार किमान ७४ क्लॉक खाली धरून ठेवतो, बस. चिपमधला कंट्रोलर त्यावरून ओळखतो की बूट मागितलंय, आणि पत्ता न विचारता बूट पार्टिशनचा (बूटलोडरसाठी राखलेल्या जागेचा) डेटा सुरुवातीपासून पाठवू लागतो. पोच (मागणी मिळाल्याची खूण) चालू ठेवली असेल तर ५० मिलिसेकंदांच्या आत डेटा-० वर ०-१-० उमटतं, आणि पहिला डेटा १ सेकंदाच्या आत यायला हवा. पुरे झालं की रॉम कमांडची तार वर सोडतो.

आमच्या स्क्रीनवर कमांडची तार खाली गेलेली दिसली. डेटा-० जागची हलली नाही. तेव्हा तुम्ही एक्स्टेंडेड सीएसडीमधला (ईएमएमसीच्या माहितीच्या आणि सेटिंगच्या तक्त्यातला) १७९ नंबरचा बाइट वाचायला लावलात. तो शून्य होता. त्यातले तीन बिट कुठल्या पार्टिशनवरून बूट करायचं ते सांगतात, आणि शून्य म्हणजे कुठूनच नाही. शिवाय दोन्ही बूट पार्टिशन मुख्य जागेपासून वेगळी असतात. लिनक्स ती स्वतंत्र डिव्हाइस म्हणून दाखवतं, तीही सुरुवातीला रीड-ओन्ली. त्यामुळे मुख्य जागेवर कितीही इमेज लिहिल्या तरी तिथे काही पोचत नव्हतं. पहिल्या बूट पार्टिशनचं कुलूप काढून बूटलोडर तिथे लिहिला, बाइटमध्ये हेक्स ४८ (पहिल्या बूट पार्टिशनवरून बूट, पोच चालू) टाकलं, पॉवर काढून पुन्हा दिली. डेटा-० वर ०-१-० आलं, आणि कन्सोल बोलू लागला.

खरं सांगायचं तर बोर्ड चालू झाल्यापेक्षा पुढची गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. बूट पार्टिशन दोन का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, चालू पार्टिशनला हात लावू नकोस. नवा बूटलोडर दुसऱ्यात लिही, वाचून ताडून पाहा, मगच तो बाइट बदल. मध्येच वीज गेली तरी जुनं शाबूत. आता आमचं अपडेट असंच चालतं, आणि बोर्डांच्या चाचणीत १७९ नंबरचा बाइट तपासण्याची पायरी आहे.

एक प्रश्न अजून तुमच्याकडे न्यायचा आहे. बूट पार्टिशन कायमची लॉक करता येतात, पण ते परत उघडत नाही म्हणून आम्ही सध्या पॉवर जाईपर्यंतचंच लॉक लावतो. सवड झाली की सांगा. ॲनालायझर घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
तुमच्या लॅबमधला एक ज्युनियर