थंडीतली डोंगरी सायकल आणि सुती कपड्यांचा आग्रह

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी डिसेंबर उजाडला की निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात नोंदल्या गेलेल्या किमान तापमानाचा आकडा आपल्या दैनिकात ठळकपणे छापून येतो आणि शेजारी द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचे छायाचित्र असते. घडांना थंडीचा तडाखा बसू नये म्हणून बागायतदारांनी काय करावे, हेही आपण आवर्जून सांगता. त्याच दिवसांत भल्या पहाटे गंगापूर धरणाच्या काठच्या कच्च्या वाटांवर किंवा रामशेजच्या पायथ्याच्या मातीच्या रस्त्यांवर सायकली घेऊन निघणाऱ्या माणसांच्या पायांविषयी मात्र माझ्या वाचनात कधी दोन ओळीही आलेल्या नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पत्राला एक निमित्तही आहे. गेल्या हिवाळ्यात एका सायकल सहलीत मी सहभागी झाले होते. आयोजकांनी आदल्या दिवशी पाठवलेल्या सूचनांमध्ये, सर्वांनी सुती ट्रॅक पँट आणि महिलांनी शक्यतो सुती लेगिंग्ज घालाव्यात, शॉर्ट्स घालू नयेत, असे स्पष्ट म्हटले होते. त्यामागचा हेतू चांगलाच होता, कारण थंडी आहे, पाय झाकलेले असावेत आणि सुती कपडा अंगाला बरा, हे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मीही निमूटपणे जाड सुती ट्रॅक पँट घातली. पहिला तासभर चढाच्या मातीच्या वाटेने गेल्यावर मांड्यांवर घाम आला आणि गुडघ्यांपर्यंत आलेल्या गवतातल्या दवाने पोटऱ्या भिजल्या. नंतर पेठ रस्त्यावरच्या सावळघाटाचा उतार लागला. उतारावर पाय मारावे लागत नाहीत, त्यामुळे शरीरात ऊब तयार होत नाही, आणि समोरून वारा मात्र चौपटीने अंगावर येतो. घाटाच्या तळाशी मी उतरले तेव्हा ओली पँट गुडघ्यांना ओल्या पंच्यासारखी चिकटलेली होती, आणि सायकलवरून पाय पलीकडे टाकण्यासाठी मला हाताने मांडी उचलावी लागली. माझ्यासोबतच्या एका कॉलेजकुमारीची अवस्था याहून वाईट होती. तिच्या लेगिंग्ज तर रस्त्याकडेच्या टपरीवर चहा होईपर्यंतही वाळल्या नाहीत.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे, तेव्हा यातला हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. सर्वसाधारण दमट हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा नुसत्या हवेतून शोषून घेते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. घाम आणि दव यांचे प्रत्यक्ष पाणी मिळाले की सूत ते धागाभर पिऊन बसते, आणि पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यातच ते वाळू लागले की वाळण्यासाठी लागणारी उष्णताही आपल्याच मांडीतून काढून घेते. पाठ्यपुस्तकात बाष्पनाचा अप्रकट उष्मा प्रतिग्रॅम ५४० कॅलरी असा असतो, परंतु ती गोष्ट उकळत्या पाण्याची झाली; अंगावरच्या घामाच्या बाबतीत तो ५८० च्या घरात जातो. लोकरीचे मात्र वेगळे आहे. ती सुतापेक्षा दुप्पट, म्हणजे सुमारे १६ टक्के ओलावा घेते, परंतु तो धाग्याच्या आत मुरवते आणि वरून कोरडी लागते. आपल्या आजोबांच्या पिढीतले मेंढपाळ पावसाथंडीत घोंगडी का सोडत नसत, याचे उत्तर यातच आहे.

वाऱ्याचा हिशेबही जोडीला घ्यावा. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला ते सुमारे ७ अंशांसारखे जाणवते, आणि ५ अंशांच्या पहाटे तोच वेग थेट शून्यावर नेऊन ठेवतो. हे आकडे देणारी कोष्टके चेहऱ्याच्या कोरड्या त्वचेसाठी केलेली आहेत, भिजलेल्या गुडघ्यासाठी नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे. गुडघ्याचा मुद्दा मी मुद्दाम काढते आहे. मांडीवर मांस असते आणि ती सतत काम करून तापते. गुडघ्याच्या वाटीवर मात्र कातडीखेरीज फारसे काही नसते आणि वारा नेमका तिथेच आधी आदळतो. म्हणूनच मुरलेले सायकलपटू तापमान १८-२० अंशांच्या खाली गेले की गुडघे झाकायचे, असा सरळ नियम पाळतात. नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी नऊपर्यंत तरी तो लागू पडतो.

मग घालावे काय? जाड कपडा हे त्याचे उत्तर नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळले. डोंगरातल्या सायकलीवर माणूस चढाला घामाघूम होतो आणि उताराला गारठतो, आणि हे एका फेरीत पाच-सहा वेळा होते. त्यामुळे एकाच जाड कपड्यापेक्षा काढता-घालता येणारे दोन-तीन पातळ थर अधिक उपयोगी पडतात. सर्वांत आत पॅड लावलेली सायकलची शॉर्ट असावी आणि तिच्या आत काहीही घालू नये, कारण अंतर्वस्त्राची शिवण आणि पॅड यांच्यामध्ये कातडी घासून सोलवटते. पूर्वी हे पॅड शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याच्या मऊ कातड्याचे करत, त्यावरून त्याला आजही तेच नाव आहे, परंतु आता ते कृत्रिम फोमचेच असते. तिच्यावर आतून केसाळ, म्हणजे ब्रश केलेल्या कापडाच्या टाइट्स घालाव्यात. त्या स्वतः पॅडच्या नसाव्यात, कारण एकावर एक दोन पॅड आली की सीटवर बसणे गादीवर घसरल्यासारखे होते. ज्यांना पूर्ण टाइट्स नको असतील त्यांनी मांडीपासून घोट्यापर्यंतचे सुटे लेग वॉर्मर घ्यावेत. ऊन वर आले की दोन मिनिटांत ते उतरवून जर्सीच्या मागच्या खिशात कोंबता येतात, आणि माझ्या मते आपल्या हवामानाला, जिथे पहाटे आठ अंश आणि दुपारी अठ्ठावीस अंश असतात, यांच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही. फक्त त्यांच्या वरच्या कडेला आतून सिलिकॉनची पट्टी आहे ना, हे पाहून घ्यावे, नाहीतर दर चढाला ते गुडघ्यावर गोळा होतात.

सर्वांत वर मोकळी नायलॉनची शॉर्ट किंवा थ्री-फोर्थ घालावी. डांबरी रस्त्यावर शर्यत करणारे वाऱ्याला अडथळा नको म्हणून केवळ चिकट कपडे घालतात, पण डोंगरी सायकलस्वारांमध्ये चिकट कपड्यावर ढगळ शॉर्ट घालण्याची रीत जगभर आहे आणि तिला कारणे आहेत. बोराटीच्या काट्यात लायक्रा, म्हणजे टाइट्सचे ताणले जाणारे कापड, अडकली की तिची एक लांबच लांब धाग्याची रेघ ओढली जाते, आणि पडल्यावर पातळ कापड ढोपरासकट फाटते. वरचे जाड नायलॉन हे दोन्ही झेलते. आपल्याकडे या रीतीचा आणखी एक लाभ आहे, तो स्पष्टच लिहिते. नाशिकसारख्या शहरातसुद्धा नुसत्या टाइट्सवर घराबाहेर पडताना अनेक जणींना आणि काही पुरुषांनाही संकोच वाटतो, घरातल्या वडीलधाऱ्यांची नजर आडवी येते, आणि त्यापायीच सुती लेगिंग्ज आणि वर लांब कुर्ता असा घातकी तोडगा निघतो. कुर्त्याची कड सीटच्या टोकाला अडकून वाटेतच पडलेली एक मैत्रीण मी पाहिली आहे. ढगळ शॉर्ट घातली की आतला कपडा अंगाबरोबर राहतो, बाहेरून काही अडकत नाही आणि संकोचाचाही प्रश्न उरत नाही.

शॉर्ट घेताना दुकानात उभे राहून मापू नये, तर बसून, एक गुडघा छातीकडे आणून पाहावे. जांघेत चार शिवणी एका ठिकाणी येत असतील तर ती सीटवर टोचणार. तिथे वेगळा तुकडा घालून शिवण बाजूला नेलेली असेल तर उत्तम. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच हवी, म्हणजे पुढे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही. घोट्याशी झिप असल्यास बूट न काढता टाइट्स उतरवता येतात, आणि उजव्या पायाचा घोटा घट्ट असलाच पाहिजे. ज्या ट्रॅक पँटचे कौतुक त्या सूचनापत्रकात होते, तिच्या उजव्या पायाची कड माझ्या सायकलच्या चेनमध्ये दोनदा सापडली, आणि तिच्यावरचे ग्रीसचे दातेरी ठसे तीन धुण्यांनंतरही तसेच आहेत.

महिलांसाठी म्हणून दोन शब्द वेगळे. खांद्यावरून पट्टे असलेल्या बिब टाइट्स कमरेला काचत नाहीत आणि पोट गरम ठेवतात, हे खरे. परंतु लघुशंकेसाठी त्या उतरवायच्या तर वरचे जाकीट आणि जर्सी दोन्ही काढावी लागते, आणि वैतरणेच्या वाटेवर थंडीत हे करणे म्हणजे शिक्षाच आहे. तेव्हा कमरेला रुंद पट्टा असलेल्या टाइट्स आपल्याला बऱ्या. शिवाय पॅड महिलांच्या बांध्याचे मागून घ्यावे. दुकानदार पुष्कळदा पुरुषांचेच छोटे माप पुढे करतो आणि ‘मॅडम, सगळे सारखेच असते’ असे सांगतो. ते सारखे नसते, बसण्याच्या हाडांमधले अंतर वेगळे असते.

नेहमीचे एक गाऱ्हाणे किमतीचे असते आणि ते खोटे नाही, कारण चांगल्या थर्मल टाइट्स काही हजारांच्या घरात जातात. मात्र पॅडची शॉर्ट वगळता बाकी सारे स्वस्तात जमते. फुटबॉल खेळणारी मुले घालतात त्या पॉलिएस्टरच्या घट्ट विजारी थरासाठी पुरतात, आणि वरची ढगळ शॉर्ट कोणत्याही खेळाच्या दुकानात मिळते. केसाळ कापडाचा एकच तोटा मला आपल्या डोंगरांत दिसला, तो म्हणजे कुसळे. डिसेंबरात वाळलेल्या गवतातून गेले की ती बाहेरून शिरून आतल्या मऊ बाजूला रुततात आणि घरी आल्यावर चष्मा लावून, विजार उलटी करून, एकेक उपटावी लागतात. ढगळ शॉर्टखाली पोटरीवर गुळगुळीत कापडाचे पातळ गेटर, म्हणजे पोटरी झाकणारे सुटे आवरण, चढवले की हा त्रास बराच कमी होतो. धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये, त्याचा थर धाग्यावर बसला की घाम बाहेर फेकण्याचा गुण जातो.

महाराष्ट्रातून मनाली ते लेह सायकलने जाणाऱ्यांची संख्या अलीकडे चांगलीच वाढली आहे, म्हणून त्यांच्यासाठीही सांगते. उंची १००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे २००० मीटरवर आणि वाटेतली टांगलांग ला ही खिंड ५३०० मीटरहून वर, म्हणजे एकाच सामानात जवळजवळ वीस अंशांच्या फरकाची सोय हवी. तिथे लेग वॉर्मरवर पुढच्या बाजूने वारा अडवणारी आणि मागून हवा खेळू देणारी विजार लागते. पूर्ण जलरोधक पँट सतत घातली तर आतल्या घामानेच माणूस भिजतो, तेव्हा ती पिशवीत तळाशी नव्हे, वर ठेवावी आणि पाऊस किंवा बर्फ आले तरच बाहेर काढून घालावी. इथल्या घाटांत महिनाभर सराव करताना हेच कपडे वापरून पाहिले, तर कोणती शिवण टोचते हे लेहच्या वाटेवरच्या सरचूच्या तंबूत नव्हे, घरी कळते.

आपल्या व्यवसायाशी जोडलेली एक गोष्ट राहिली. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत आल्प्सच्या माथ्यावर पोहोचलेले सायकलपटू उतरणीआधी बघ्यांच्या हातातले वर्तमानपत्र घेऊन जर्सीत छातीवर कोंबत असत, कारण कागद वारा अडवतो आणि तळाशी फेकून देता येतो. या जानेवारीत सावळघाटाच्या माथ्यावर मी आपल्या दैनिकाची दोन पाने चौघडी करून टाइट्सच्या आत दोन्ही गुडघ्यांवर ठेवली आणि खाली उतरेपर्यंत गुडघे कोरडे आणि उबदार राहिले. पाने घरी आणून रद्दीत घातली, हेही नमूद करते.

माझी विनंती इतकीच आहे की, येत्या थंडीत निफाडचा आकडा छापताना पहाटे सायकल चालवणाऱ्यांनी पायांत काय घालावे, यावर एक छोटी चौकट आपण द्यावी, आणि सायकल सहली भरवणाऱ्या मंडळींनी सूचनापत्रकातून ‘सुती’ हा शब्द काढून ‘लवकर वाळणारे’ असे लिहावे. महिलांना काय घालावे हे कळवण्याआधी सहभागी महिलांपैकी दोघींना तरी विचारून घ्यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक