ओठ-टाळूच्या फाईली सांभाळणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

ओठ शिवणाऱ्या डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात, पेढे त्यांच्याच टेबलावर जातात, आणि ते योग्यच आहे. हे पत्र मात्र बाहेर व्हरांड्यात फाईलींचं कपाट सांभाळणाऱ्या तुम्हाला. जन्मतःच ओठ किंवा तोंडातली टाळू दुभंगलेल्या बाळाला सर्जन, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, दातांचे डॉक्टर, कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट एवढे जण लागतात. त्यातलं कोण कधी आणि कोणाच्या आधी, हे चुकलं की चांगलं कामही वाया जातं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून नाशिकला येणाऱ्या घरासाठी तर एक फुकट फेरी म्हणजे दोघांची मजुरी बुडाली.

सगळ्यात आधी दुधाबद्दल. टाळू उघडी असली की तोंडात ओढ तयारच होत नाही. बाळ चोखताना दिसतं, दमतं, झोपतं आणि आईला वाटतं पोट भरलं. तुम्ही आईचंच दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायला शिकवलंत. बाळ निम्मं उभं धरायचं, दूध गालाच्या आतल्या बाजूने सावकाश सोडायचं, मध्ये मध्ये थांबून ढेकर काढायचा, कारण ही बाळं दुधाबरोबर भरपूर हवा गिळतात. नाकातून दूध आलं तर थांबायचं, पुसायचं, पुन्हा सुरू करायचं. पाजणं अर्ध्या तासात आटपायचं, नाहीतर जेवढं पोटात जातं तेवढं दमण्यातच खर्च होतं. आणि हिशेब मिलीत: दर किलोला दिवसाला साधारण 150 मिली, म्हणजे 3 किलोच्या बाळाला 450, आठ वेळा पाजलं तर दर वेळी 55च्या आसपास. ‘पितंय थोडं थोडं’ हे उत्तर तुम्ही कधी चालवून घेतलं नाही. आशाताईंच्या घरभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी ठरलेल्याच असतात. त्याच भेटींत कपडे काढून, त्याच काट्यावर वजन, आणि दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ दिसली नाही तर लगेच फोन, ही सोय तुम्ही लावलीत.

टॉर्चचंही तसंच. ओठ अखंड आहे म्हणून तोंडात कोणी डोकावत नाही आणि मागची मऊ टाळू उघडी असलेलं बाळ ‘दूध नीट पीत नाही’ एवढ्या शेऱ्यावर घरी जातं. जीभ दाबून अगदी पडजिभेपर्यंत पाहायचं, पडजीभ दुभागलेली दिसली तरी नोंद करायची, हे आता आमच्याकडे सवयीचं झालं आहे. हनुवटी आत गेलेली आणि श्वासाला घरघर असेल तर बाळाला उताणं न ठेवता कुशीवर किंवा पालथं, नजरेखाली ठेवून तडक दवाखान्यात आणायचं, कारण जीभ मागे पडून श्वास अडतो.

‘आईने ग्रहणात विळी धरली म्हणून बाळाचा ओठ फाटला’ या गोष्टीलाही तुम्ही हात घातलात, तेही सुनेला बाजूला न घेता, सासूबाईंना समोर बसवून. वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू त्यानंतर काही आठवड्यांत. बऱ्याच बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं, कधी कळलेलंही नसतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात विळी धरली की नाही, याचा काही संबंधच उरत नाही. याच गप्पांत तुम्ही खालच्या ओठावर बारीक खळगे घरात कोणाला आहेत का, हेही विचारून घेता. असले तर दुभंग आनुवंशिक असू शकतो आणि पुढच्या बाळाचा सल्ला बदलतो.

ओठाच्या ऑपरेशनला जुना ठोकताळा आहे: वय 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10. प्रत्यक्षात बहुतेक ओठ तीन ते सहा महिन्यांत होतात. तारीख रद्द होते ती सर्दी-खोकल्याने, कमी रक्ताने किंवा सकाळी आजीने मायेने भरवलेल्या बिस्किटाने. भुलीआधी साधं पाणी 2 तास, आईचं दूध 4 तास, वरचं दूध 6 तास बंद. तुम्ही नुसतं ‘उपाशी आणा’ म्हणत नाही, शेवटचं दूध किती वाजता ते घड्याळाच्या चित्रावर काट्यांनी काढून देता. उगाच तासन् तास उपाशी ठेवलेलं बाळही भुलीला वाईटच.

ओठाच्या ऑपरेशनआधी तोंडात बसवायची, हिरडीचे दुभंगलेले भाग जवळ आणणारी आणि नाकाला आकार देणारी प्लेट सगळ्यांच्या गळ्यात मारली नाहीत, याचं आम्हाला विशेष वाटतं. ती पहिल्या काही आठवड्यांत सुरू करावी लागते आणि दर आठवड्याला घासून-भरून घ्यावी लागते, तेही मिलिमीटरच्या हिशेबाने. फेरी चुकली की प्लेट सैल होते, हिरडीला जखम होते, टेपखाली गाल सोलतो. गंगापूर रोडवरच्या घराला हे जमतं. बाऱ्हे किंवा उंबरठाणहून दर आठवड्याला कोण येणार? तिथे दातांच्या डॉक्टरांशी बोलून तुम्ही नुसत्या ओठावरच्या टेपवर भागवलंत.

टाळूचं ऑपरेशन साधारण 9 ते 18 महिन्यांत, आणि नेमकी तेव्हा कितीतरी घरं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडच्या मळ्यात असतात. तुम्ही मुकादमाचा नंबर फाईलीवर लिहून ठेवता. त्याहून मोलाचा तुमचा कानांबद्दलचा हट्ट. गिळताना कानाची नळी उघडणारा टाळूतला स्नायू दुभंगात भलतीकडे चिकटलेला असतो. नळी उघडत नाही, कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. बऱ्याचदा ते वाहत नाही की दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि नेमक्या बोलायला शिकण्याच्या वयात मूल कमी ऐकतं. श्रवणचाचणी टाळूआधी झाली आणि गरज ठरली, तर ते पाणी काढणारी बारीक नळी कानाच्या पडद्यात त्याच भुलीत बसते. चाचणी मागे राहिली तर दुसरी भूल, दुसरा मुक्काम. टाळूनंतर काही आठवडे पातळ-मऊ खाणं. कुरमुरे, बिस्कीट, तोंडात खोल जाणारा चमचा बंद. टाके उसवले की भोक राहतं आणि वरण नाकातून येतं.

बोलण्याच्या बाबतीत फुगे, शिट्ट्या, मेणबत्त्या तुम्ही आणि थेरपिस्टनी सरळ बंद केल्या, हे फार बरं केलंत. फुंकून फुंकणं सुधारतं, बोलणं नाही. सराव हवा तो प, ब, त, ट, कचा. नाकाखाली थंड आरसा धरून ‘पपई’, ‘बाबा’ म्हणायला लावायचं. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. म आणि न असलेले शब्द घ्यायचे नाहीत, त्यांना वाफ येणारच. पुढचा निर्णय कोणी एकट्याने घेऊ नये. मूल ‘क’ घशातून काढत असेल तर ती सवय आहे, तिथे सुरी कामाची नाही, थेरपी लागते. टाळूच आखूड असेल तर वर्षभर थेरपी करूनही हवा निसटतच राहणार, तिथे दुसरं ऑपरेशन लागतं. म्हणून तुम्ही सर्जन आणि थेरपिस्टना एकाच दिवशी, एकाच खोलीत, नाकातून घातलेल्या दुर्बिणीच्या पडद्यासमोर बसवता. रेफरची चिठ्ठी घेऊन हिंडणाऱ्या पालकांना हे सगळं कधीच पदरात पडलं नसतं.

आता एक मागणं. ओठ नीट दिसू लागला, शाळा सुरू झाली की घरचे ‘ऑपरेशन झालं’ म्हणतात आणि पुढचं कोणी विचारत नाही. हिरडीतली फट भरायला कमरेचं हाड घालतात ते साधारण 8 ते 11 वर्षांत, कायमचा सुळा उतरण्याआधी. त्याला आधार लागतो तो त्याच हाडाचा. त्याआधी वरचा जबडा रुंदावायला काही महिने जातात, किडलेले दात नीट करावे लागतात. म्हणजे सातव्या वर्षीच एक्स-रे हवा. तुमच्या कपाटातल्या सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलांची गाववार यादी आशाताईंकडे द्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घरून उठवून आणायचं आमच्याकडे लागलं.

कळावे,
आपले,
पेठ-सुरगाणा-त्र्यंबक भागातले पालक आणि आशाताई