ई-सहीचे सॉफ्टवेअर घेण्याआधी सही झालेली फाइल उघडून पाहा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

छोट्या-मध्यम उद्योगांकडे सध्या ई-सहीच्या सॉफ्टवेअरचे विक्रेते वरचेवर येतात. डेमोत मोबाइलवर बोटाने सही काढून दाखवतात, ती निळ्या शाईसारखी करारावर उमटते आणि सौदा पक्का होतो. त्या निळ्या रेघेच्या मागे फाइलमध्ये काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. हे पत्र त्यासाठीच.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ज्याला इलेक्ट्रॉनिक सही म्हणतो, ती व्यवहारात दोन प्रकारची असते. एक, यूएसबी टोकनमधली, म्हणजे संगणकाला जोडायच्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणातली डिजिटल सही. दुसरी, ई-केवायसी करून होणारी ई-साइन, जी बहुतेक वेळा आधारच्या ओटीपीवर चालते. दोन्हींना परवानाधारक प्रमाणन संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे सही कुणाची हे सांगणारी डिजिटल नोंद, लागते. नाव टाइप करणे, बोटाने रेघ ओढणे, ईमेलमधल्या दुव्यावर ‘मान्य’ दाबणे या गोष्टी त्यात बसत नाहीत. म्हणून असा करार रद्दबातल ठरतो असे नाही. याच कायद्याचे कलम 10अ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेल्या कराराला मान्यता देते. पण समोरच्याने ‘ही सही माझी नाही’ म्हटले की ती त्याचीच आहे हे सिद्ध करताना तुमच्या हाती ईमेल आणि आयपी पत्त्याच्या नोंदीच उरतात.

तेव्हा आधी आपले कागद वेगळे काढावेत, सॉफ्टवेअर नंतर. नेमणूकपत्र, रजेचे नियम, साधे कोटेशन यांना नाव टाइप करणे किंवा ‘मान्य’ दाबणे चालून जाते. वितरकाचा करार, जॉबवर्कचा ठेका, उधारीची हमी अशा पैसे अडकणाऱ्या कागदांना आधार ई-साइन किंवा टोकनच हवे. मृत्युपत्र आणि ट्रस्टचा दस्त यांवर आजही ई-सही चालत नाही. मुखत्यारपत्राचेही तसेच, फक्त 2022 च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्यांच्या नियमनाखालील संस्थांपुरती सूट मिळाली आहे. ऑफिसचा लिव्ह अँड लायसन्स करार तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदवावाच लागतो. दोघांनी घरबसल्या ई-सही केली म्हणजे तो नोंदला गेला, हा समज घरमालकाला महागात पडू शकतो.

मुद्रांकाबाबत तर सर्रास गफलत होते. कागद नाही म्हणजे स्टॅम्प नाही, असे बरेच जण धरून चालतात. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदसुद्धा दस्तऐवजच आहे. ज्या करारासाठी वेगळा दर दिलेला नाही त्याला पूर्वी 100 रुपयांचा मुद्रांक पुरे. ऑक्टोबर 2024 पासून 500 लागतात. तो सहीआधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी लागला पाहिजे, नाहीतर वेळ आली की करार पुराव्यात अडतो आणि दंडही भरावा लागतो. यात एक तांत्रिक मेख आहे. मुद्रांकाचे पान पहिली सही होण्याआधीच पीडीएफमध्ये असले पाहिजे. सह्या झाल्यावर पान जोडले की आधीच्या सह्या मोडतात. म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न थेट विचारा: मुद्रांक महाराष्ट्राचाच लावता का, आणि तो कोणत्या टप्प्यावर लावता?

आता फाइलची तपासणी. चाचणीसाठी दोन पानांचा मराठी करार घ्या, दोन वेगवेगळ्या माणसांकडून सही करवून घ्या आणि फाइल संगणकावर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. ब्राउझर किंवा मोबाइलचा प्रिव्ह्यू सहीचा खरेपणा सहसा दाखवत नाही. डावीकडे किंवा वर सह्यांचे पॅनेल दिसले पाहिजे, त्यात दोन्ही नावे स्वतंत्रपणे. पॅनेलच नसेल तर फाइलमध्ये फक्त चित्र आहे. पिवळे चिन्ह आणि ‘वैधता अज्ञात’ असे दिसले तर घाबरू नका. बहुतेकदा ‘सीसीए इंडिया’चे, म्हणजे प्रमाणन संस्थांना परवाने देणाऱ्या सरकारी नियंत्रकाचे, मूळ प्रमाणपत्र त्या संगणकाच्या विश्वासू यादीत नसते, एवढेच कारण असते. ते एकदा जोडले की हिरवी खूण येते. ‘सही झाल्यानंतर दस्तऐवज बदलला आहे’ हा संदेश मात्र गंभीर. तो नसावा. मग तीच फाइल ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून पुन्हा उघडा. दिसायला हुबेहूब, पण पॅनेल गायब. ऑफिसात ईमेलला जोडण्यासाठी फाइल लहान करताना नेमके हेच घडते, म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी.

मराठी मजकुराची आणखी एक अडचण. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल थेट चढवली आणि सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर तो फॉन्ट नसला, की कलमांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी होते आणि लोक न वाचताच तिच्यावर सह्या करून मोकळे होतात. मजकूर युनिकोडमध्ये घ्या, पीडीएफ आपल्याच संगणकावर फॉन्टसकट बनवा, मगच चढवा.

आधार ई-साइन माणसाची ओळख पटवते, त्याचा अधिकार नाही. प्रमाणपत्रावर आधारवरचे नाव येते, कंपनीचे येत नाही. म्हणून समोरच्या कंपनीकडून संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र मागून करारालाच जोडावे, नाहीतर कंपनीचे नाव असलेले संस्थात्मक प्रमाणपत्र वापरायला सांगावे. सही करताना आधार क्रमांक आणि ओटीपी ई-साइन सेवा देणाऱ्या परवानाधारक संस्थेच्या पानावरच टाकायचा असतो. सॉफ्टवेअर स्वतःच्या फॉर्ममध्ये आधार क्रमांक मागत असेल तर तिथेच थांबावे.

टोकनबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. संचालकांची टोकने हिशेबनिसाच्या खणात आणि पासवर्ड चिठ्ठीवर, ही अनेक ऑफिसांतली रीत आहे. त्या टोकनने झालेली सही कायदा तुमचीच मानून चालतो. तुम्ही त्या दिवशी गावात नव्हता हे सिद्ध करणे तुमच्या गळ्यात पडते. टोकन स्वतःजवळ ठेवा.

दर विचारताना मासिक वर्गणीवर थांबू नका. प्रत्येक आधार ई-साइनचे शुल्क, मुद्रांक हाताळणीचा खर्च आणि 18 टक्के जीएसटी धरून वर्षाचा आकडा काढा. वर्गणी बंद केल्यावर सह्या झालेल्या मूळ फाइली आणि प्रत्येक सहीचा घटनाक्रम एकगठ्ठा उतरवून मिळेल का, हे करारात लिहून घ्या. कंपनीला हिशेबाची कागदपत्रे 8 वर्षे जपावी लागतात, तर प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षे. म्हणून सहीसोबत टाइमस्टॅम्प (सही नेमकी केव्हा झाली याची नोंद) आणि त्या क्षणी प्रमाणपत्र वैध असल्याची नोंद फाइलमध्येच साठवणारे सॉफ्टवेअर घ्यावे. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा संकेतांक) असलेले दोन भागांचे प्रमाणपत्र द्यावे लागते. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ते भरण्यासाठी लागणारी माहिती किती दिवसांत आणि किती पैशांत देणार, हे विक्रेत्याकडून पहिल्याच पत्रव्यवहारात लेखी घ्यावे.

आपला,
करार व दस्तऐवजांचे काम पाहणारा एक वाचक, पुणे