चार मिनिटांची फट

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. ‘खून कोणी केला हे आधीच कळलं, तर पुढची दीडशे-दोनशे पानं वाचायची कशाला?’ असं तू विचारलंयस. मला तर जपानी रहस्यकथांचं वेड लागलं ते नेमकं त्या पुढच्या पानांमुळे.

सेइचो मात्सुमोतोची ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ घे. १९५७ साली ती एका प्रवासविषयक मासिकात क्रमशः छापून यायला लागली. क्यूशू बेटावर, काशीईच्या समुद्रकिनारी एक पुरुष आणि एक बाई शेजारी शेजारी मरून पडलेले सापडतात. सायनाइड. प्रेमी युगुलाची आत्महत्या, असं म्हणून सगळे मोकळे होतात. पण तोरिकाई नावाचा जुनाट ओव्हरकोटातला एक पोलीस मेलेल्या माणसाच्या खिशातली पावती पाहतो. गाडीतल्या डायनिंग कारची. माणसं : एक. ज्या बाईबरोबर मरायला निघालाय, तिला सोडून हा एकटाच जेवायला कसा गेला? तोरिकाई घरी येऊन आपल्या मुलीला विचारतो, तुला भूक नसती तर तू काय केलं असतंस? ती म्हणते, तरीही गेले असते, निदान कॉफी घेत बसले असते. बस्स, एवढ्यावरून त्याच्या मनात संशय पक्का बसतो. ना बोटांचे ठसे, ना रक्ताचे डाग. सोबतीला माणसं कशी वागतात याची जाण, तेवढंच भांडवल!

आणि मग ती चार मिनिटं. टोकियो स्टेशनवर तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरचा फलाट सहसा दिसतच नाही, मधे सतत गाड्या उभ्या असतात. संध्याकाळी ५.५७ ते ६.०१ एवढाच वेळ नजर आरपार जाते. नेमक्या त्याच वेळी साक्षीदारांनी त्या दोघांना गाडीत चढताना पाहिलंय. योगायोग, की कुणीतरी साक्षीदारांना मुद्दाम तिथे आणून उभं केलं? इथून संशयित जवळपास ठरतो. पण ते दोघं मेले त्या वेळी तो तर पार होक्काइदोला निघालेला, देशाच्या दुसऱ्या टोकाला! त्याची ही सबब एकेक गाडी, एकेक बोट तपासत उसवायची. मात्सुमोतोने त्या वर्षीचं खरं वेळापत्रक वापरलंय, त्यामुळे तुझ्यासारख्या रेल्वेवेड्याने तर हे पुस्तक सोडूच नये.

खूनही उगाच होत नाहीत यात. मेलेला माणूस सरकारी खात्यातला, आणि त्या खात्यात लाचखोरीची चौकशी चालू आहे. वरच्यांना वाचवायला खालचा माणूस मरतो. मात्सुमोतो गरिबीत वाढला, शाळा लवकर सुटली, आणि लेखक म्हणून नाव झालं ते चाळिशी ओलांडल्यावर. वरच्या साहेबांची भीती त्याला पुस्तकात वाचून कळलेली नव्हती, असं मला पानोपानी जाणवतं.

बंद खोलीतले खून हवे असतील तर सेइशी योकोमिझो वाच. बर्फ, लग्नाची रात्र, कोतो या जपानी तंतुवाद्याचे सूर आणि अंगणात बर्फात रुतलेली तलवार. मजा येते, पण मी पुन्हा पुन्हा वळतो ते मात्सुमोतोकडे. आणि त्याच्यानंतर केइगो हिगाशिनोकडे. ‘जाने जान’ हा हिंदी सिनेमा तुला आवडला होता ना? तो हिगाशिनोच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’वरून घेतलाय. त्यातही खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. तरी शेजारच्या बाईसाठी त्या गणिताच्या मास्तरने काय करून ठेवलंय, हे शेवटी उलगडतं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. सिनेमा पाहिला असलास तरी वाचच, मास्तरचं एकटेपण कागदावर कितीतरी खोल उतरलंय.

मात्सुमोतोची माझी प्रत उद्या कुरियरने पाठवतो. त्यात अंथरुणाला खिळलेली एक बाई आहे, जी पडल्या पडल्या रेल्वेचं वेळापत्रक वाचते आणि या घडीला कुठली गाडी कुठल्या स्टेशनात उभी असेल ते मनाशी पाहते. त्या पानांपर्यंत पोहोचलास की लगेच फोन कर, मला तुझ्याशी त्या बाईबद्दल बोलायचंय.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश