शेल्डनच्या तळ्यावरून

ह्युस्टन, टेक्सास

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो, पण ही गोष्ट फोनवर सांगून होण्यासारखी नव्हती. शिवाय बाबा, तुमचं आयुष्य भूमी अभिलेख खात्यात गेलं, तुम्हाला ती सविस्तरच हवी.

रविवारी आम्ही शेल्डन लेक स्टेट पार्कला गेलो. ह्युस्टनच्या ईशान्येला, गोदामं आणि ट्रकांच्या रस्त्यांना लागून २,८०० एकर मोकळी जागा आहे. प्रवेश फुकट. तळं निसर्गाचं नाही. दुसऱ्या महायुद्धात इथल्या जहाजी कालव्यालगतच्या कारखान्यांना पाणी हवं होतं, म्हणून १९४२ मध्ये सरकारने कार्पेंटर्स बायू नावाच्या ओढ्यावर बांध घातला. १९५२ मध्ये ते राज्याच्या वन्यजीव खात्याकडे आलं. तिथे मत्स्यबीज केंद्रही होतं. ते बंद पडलं, पण त्याची तळी बुजवली नाहीत. आता त्यांच्यात पाणकणीस माजलंय आणि मधल्या बांधांवरून आपण चालतो. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एक मगर ऊन खात पडली होती. आई, मुलांचे हात मी सोडले नव्हते!

पक्षी तर किती! आपल्या तिरंदाजाचा इथला भाऊ पंख पसरून वाळवत बसला होता. चमचा पक्षी इथे चक्क गुलाबी असतो. धाकटी तिथून हलायलाच तयार नव्हती.

पण मला सांगायचंय ते तळ्याच्या पलीकडचं. या भागात पूर्वी गवताळ माळ होता. जमीन परातीसारखी सपाट, आणि तिच्यात जागोजागी उथळ खळगे. पावसाचं पाणी त्यांत महिनोन्‌महिने थांबायचं. शेती आली तशी जमीन समतल झाली, खळगे मातीने भरले. २००३ च्या सुमारास ते परत आणायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न हा, की खळगे होते कुठे? काम करणाऱ्यांनी १९३० च्या दशकातली विमानातून काढलेली छायाचित्रं शोधली. नांगर फिरून जमीन सपाट झाली तरी त्या चित्रांत ओलाव्याचे डाग दिसत होते. त्या खुणांवर जाऊन वरची भराव माती काढली, जुना तळ लागेपर्यंतच. मनाला येईल तिथे, येईल तेवढं खोदलं नाही. बाबा, जुन्या नकाशावरून हद्द कायम करताना तुम्ही जसे अडून बसायचात, तसंच हे काम मला वाटलं.

मग लागवड. आसपास उरलेल्या पाणथळींतून देशी रोपं आणली, वाढवली, आणि स्वयंसेवकांनी चिखलात उभं राहून हातांनी लावली. चायनीज टॅलो नावाचं बाहेरचं झाड इथे आपल्या बेशरमच्या झुडपासारखं सगळीकडे घुसतं, तेही काढत राहावं लागतं. आई, तुझ्या माहेराकडे, अर्जुनी मोरगावच्या तलावांत मासेमार ढिवर बायांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, त्यांचीच आठवण झाली. त्या बायांचं काम याहून तसूभर कमी नाही, आणि त्यांच्यामागे इतका पैसाही नव्हता.

तिथे ८२ फुटी मनोरा आहे, लिफ्टसकट, म्हणजे आईच्या गुडघ्यांचीही काळजी नाही. वरून एका बाजूला ते खळगे आरशाच्या तुकड्यांसारखे चमकतात आणि दुसऱ्या बाजूला शहरातल्या उंच इमारती दिसतात. मला तिथे उभं राहून आपल्या नागपूरचा अंबाझरी तलावच डोळ्यांपुढे आला. २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट, मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी, आणि तुम्ही दोघं फोन उचलत नव्हता. इथेही २०१७ च्या हार्वे वादळात चार दिवसांत काही भागांत मीटरभराहून जास्त पाऊस पडला होता. शेल्डनचे खळगे असल्या पावसाला पुरे पडणार नाहीत, हे मला कळतं. तरी या चिकण मातीत पाणी फारसं मुरत नाही. त्याला थांबायला जागाच ठेवली नाही, तर ते घरांतच शिरणार. आपली काळी माती याहून वेगळी कुठे आहे? आपण तलावाचं सुशोभीकरण करतो, कारंजी लावतो, फिरायला फरसबंदी करतो, आणि तलावाकडे येणाऱ्या नाल्यांवर, बोड्यांवर म्हणजे लहान तळ्यांवर प्लॉट पाडतो. मला हे फार लागतं.

म्हणून एक काम सांगते, नाही म्हणू नका. आपल्या बाजूला लेआउट पडायच्या आधी पाणी कुठे साचायचं, कुठला नाला कुठून वळायचा, हे तुमच्याइतकं आता थोड्यांनाच आठवत असेल. एक वही घ्या आणि लिहून काढा, जमेल तसा हाती नकाशाही काढा. शेजारच्या काकांना सोबत घ्या, दोघांनी मिळून हद्दी तपासा. सईला फोटो काढून पाठवायला सांगा. मी इथे उपग्रहाच्या चित्रांवर त्या खुणा बसवून बघते. पावसाळ्याआधी झालं तर फार बरं.

आई, मेथीचे लाडू कुणाबरोबर पाठवायच्या खटपटीत पडू नकोस, इथे मेथी मिळते. बाबा, बीपीची गोळी रोज घ्या.

तुमची,
मनू